ठणका गेला, दाह तसाच

सांधे दुखतात म्हणून आलेल्या माणसाला अनुभवी संधिवाततज्ज्ञ तपासण्या लिहून देण्याआधी एक साधा प्रश्न विचारतो: सकाळी उठल्यावर सांधे किती वेळ आखडलेले असतात? ‘दहा-पंधरा मिनिटं जड वाटतं, चार पावलं टाकली की मोकळं होतं, संध्याकाळी मात्र जिना चढवत नाही,’ असं उत्तर आलं तर विचार एका दिशेनं जातो. ‘नऊ-दहा वाजेपर्यंत मूठ वळत नाही, कणीक मळता येत नाही, ब्लाउजचे हूक लागत नाहीत, दुपारनंतर बरं वाटतं,’ असं उत्तर आलं तर दिशा पार बदलते. पहिल्या माणसाचा सांधा बहुधा झिजलेला आहे. दुसऱ्याच्या सांध्यात दाह आहे, आणि या दाहाला घड्याळ कळतं. मध्यरात्रीनंतर रक्तातलं इंटरल्यूकिन-६ हे दाह भडकवणारं प्रथिन वाढत जातं, त्याला आवर घालणारं शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल अपुरं पडतं, आणि पहाटे सांधे धरतात.

संधिवात या एका नावाखाली शंभराहून अधिक आजार येतात. त्यांच्या उपचारांत गेल्या शतकभरात जे काही मोठं घडलं, ते दाह समजत गेला तसतसं घडलं. आपल्या घराघरांत मात्र अजून संधिवात म्हणजे दुखणं आणि उपचार म्हणजे दुखणं थांबवणं, एवढाच हिशेब चालतो. ठणका आणि दाह सोबतीनं राहतात हे खरं. तरीही ठणका घालवणारं औषध दाहाच्या मुळाला हात लावत नाही, असं पुष्कळदा होतं. आणि दाह आहे हे कळलं तरी तो कुठला, हे न पाहता केलेला उपचार वायाच जातो.

दाहाची चार लक्षणं पहिल्या शतकात सेल्सस या रोमन लेखकानं नोंदवली: लाली, सूज, ऊब आणि वेदना. तो भाग निकामी होणं हे पाचवं लक्षण पुढे जोडलं गेलं. बोटात काटा गेला की हे सगळं डोळ्यांसमोर घडतं. रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंतींतून पाणी आणि पांढऱ्या पेशी बाहेर झिरपतात, जंतू मारले जातात, मेलेल्या पेशी उचलल्या जातात, आणि चार दिवसांत बोट पूर्ववत होतं. हा शेवटचा टप्पा आपोआप होतो, असा समज बरीच वर्षं होता. बोस्टनमधल्या चार्ल्स सर्हान यांच्या संशोधनानं तो मोडला. दाह विझवण्यासाठी शरीर वेगळी रसायनं तयार करतं आणि त्यांतली काही माशांच्या तेलातल्या ओमेगा-३ स्निग्धाम्लांपासून बनतात. म्हणजे दाहाला सुरुवात जशी करावी लागते, तसा शेवटही करावा लागतो. ज्या आजारांत तो शेवट होतच नाही, त्यांतला सगळ्यांत अभ्यासलेला म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. मराठी रुग्ण आणि डॉक्टर त्याला सर्रास आमवात म्हणतात. माधवनिदानात आमवातावर स्वतंत्र अध्याय आहे. तिथलं वर्णन या आजाराशी बरंच जुळतं, तंतोतंत नाही. युरोपात १८०० साली लांद्रे-बोव्हे या तरुण फ्रेंच डॉक्टरनं पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातल्या स्त्रियांवरून त्याचं वर्णन केलं आणि १८५९ मध्ये लंडनच्या आल्फ्रेड गॅरड यांनी त्याला आजचं इंग्रजी नाव दिलं.

हा आजार आपल्याकडे किती, याचं उत्तर पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या भिगवणनं दिलं. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ पासून या गावात घरोघर जाऊन पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटनेशी जोडलेल्या ‘कॉपकॉर्ड’ या कार्यक्रमाचा तो भाग होता. प्रौढांमध्ये आमवाताचं प्रमाण सुमारे अर्धा टक्का निघालं. आकडा लहान वाटतो. महाराष्ट्राच्या लोकसंख्येला लावून पाहिला की लाखांत जातो. बायकांत हा आजार पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट आढळतो, आणि तोही ऐन कामाच्या, संसाराच्या वयात.

आमवाताची सुरुवात सांध्यात होत नसावी, याकडे आता बहुतेक पुरावा बोट दाखवतो. धूम्रपान करणाऱ्यांच्या फुप्फुसांत किंवा किडलेल्या हिरड्यांत काही प्रथिनांची घडण किंचित बदलते: त्यांच्यातल्या आर्जिनिन या घटकाचं सिट्रुलिन होतं. विशिष्ट आनुवंशिक ठेवण असलेल्या माणसाची प्रतिकार यंत्रणा या बदललेल्या प्रथिनांना परकं समजते आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवू लागते. अँटी-सीसीपी ही रक्ततपासणी याच प्रतिपिंडांचा शोध घेते, आणि पहिलं बोट दुखण्याच्या कितीतरी वर्षं आधीच्या साठवलेल्या रक्तातही ती सापडली आहेत. मग कधीतरी, कशाने तरी, सांध्याच्या अस्तरात ठिणगी पडते. निरोगी सांध्यात हे अस्तर जेमतेम एकदोन पेशींचं, अगदी तलम असतं. दाह सुरू झाला की ते जाड होतं, त्यात नव्या रक्तवाहिन्या फुटतात, भक्षक पेशी आणि लसिका पेशी ठाण मांडतात. टीएनएफ, इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ असे रासायनिक निरोप सतत सुटत राहतात. हे फुगलेलं अस्तर कूर्चेवर पसरतं आणि तिला पोखरतं. हाड खाणाऱ्या पेशींना जाग येते आणि क्ष-किरण चित्रात हाडाच्या कडेला खाचा दिसू लागतात. त्या खाचा बहुतेक वेळा भरून येत नाहीत. बोटं वाकडी झाल्यावर कुठलंही औषध ती सरळ करत नाही. म्हणून पहिले काही महिने इतके मोलाचे.

सांध्यापुरतंच हे राहतं असंही नाही. इंटरल्यूकिन-६ यकृतात हेप्सिडिन वाढवतं, आणि हेप्सिडिन शरीरातलं लोह अडकवून ठेवतं. अशा बाईला पांडुरोग समजून महिनोन् महिने लोहाच्या गोळ्या दिल्या जातात आणि हिमोग्लोबिन काही हलत नाही. दाह आटोक्यात आला की तेच हिमोग्लोबिन वर येतं. हृदयविकाराचा धोकाही आमवातात सुमारे दीडपट असतो, कारण रक्तवाहिन्यांच्या भिंतींनाही तोच दाह झळ लावतो. सांधेदुखीवर ‘वयोमानानं होतंच’ म्हणून तेल चोळत बसण्यात किती काय काय निसटतं, ते यावरून दिसावं.

आता औषधांकडे. सगळ्यांत जुनं हत्यार वेदनाशामकांचं. विलोच्या सालीचा तापावर उपयोग होतो, हे एडवर्ड स्टोन या इंग्रज धर्मोपदेशकानं १७६३ मध्ये कळवलं. १८९९ मध्ये बायर कंपनीनं अॅस्पिरिन बाजारात आणलं. ते नेमकं काय करतं, हे मात्र त्यानंतर सत्तरएक वर्षांनी, १९७१ मध्ये, जॉन व्हेन यांनी दाखवलं. अॅस्पिरिन आणि त्याची भावंडं प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं बनू देत नाहीत. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अॅसेक्लोफेनॅक, नॅप्रॉक्सेन ही सगळी याच घरातली. प्रोस्टाग्लँडिन म्हणजे दाहाचा शेवटचा, वेदना पोचवणारा टप्पा. तो अडला की ठणका थांबतो, सूज थोडी उतरते. मागची प्रतिकार यंत्रणेची लढाई मात्र चालूच असते, आणि हाड झिजायचं ते झिजतंच. शिवाय हीच प्रोस्टाग्लँडिनं जठराच्या अस्तराचं रक्षण करतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळतात. मेडिकलच्या काउंटरवरून चिठ्ठीशिवाय पट्टीच्या पट्टी नेणाऱ्या माणसाला हे कुणी सांगत नाही.

जठर वाचवण्यासाठी प्रोस्टाग्लँडिन बनवणाऱ्या एन्झाइमांपैकी कॉक्स-२ यालाच निवडून अडवणारी औषधं १९९० च्या दशकाच्या शेवटी आली. त्यांतलं रोफेकॉक्सिब जगभर धडाक्यात खपलं आणि हृदयविकाराचे झटके वाढवतं असं दिसल्यावर सप्टेंबर २००४ मध्ये कंपनीनं ते मागे घेतलं. त्या प्रकरणानं एक गोष्ट शिकवली: दाहाच्या साखळीतला एक दुवा तोडला की दुसरीकडे कुठेतरी तोल जातोच.

जाता जाता गिधाडांचं सांगायला हवं. डायक्लोफेनॅक टोचलेली जनावरं मेल्यावर त्यांच्यावर पोसणारी गिधाडं मूत्रपिंडं बंद पडून मरत होती, हे २००४ मध्ये उघड झालं. त्यांच्या पोटातल्या अवयवांवर युरिक आम्लाचे पांढरे थर साचलेले सापडले. म्हणजे एका अर्थानं ती पोटातल्या गाउटनं मेली. भारतातल्या गिधाडांच्या काही जाती नव्वद टक्क्यांहून जास्त घटल्यावर २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. माणसाच्या सांधेदुखीच्या गोळीनं आकाश रिकामं केलं, एवढं कुठल्याही औषधशास्त्राच्या पुस्तकानं भाकीत केलं नव्हतं.

स्टेरॉइडची कथा याहून नाट्यमय आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधले फिलिप हेंच १९२९ पासून एक गोष्ट टिपत होते: आमवाताच्या रुग्णाला कावीळ झाली की सांधे बरे होतात, बाई गरोदर राहिली की सांधे बरे होतात. शरीर स्वतःच काहीतरी तयार करत असणार, असा त्यांचा कयास. सप्टेंबर १९४८ मध्ये अंथरुणाला खिळलेल्या एका तरुण बाईला त्यांनी अधिवृक्क ग्रंथीतलं एक संयुग टोचलं. काही दिवसांत ती उठून चालू लागली. त्या संयुगाला पुढे कॉर्टिसोन हे नाव मिळालं आणि १९५० मध्ये हेंच, केंडल आणि राइखस्टाइन यांना नोबेल. इतक्या झटपट ते क्वचितच कुणाला मिळालं असेल. आमवातानं हात आखडलेला फ्रेंच चित्रकार राउल द्युफी त्याच साली बोस्टनला जाऊन हे उपचार घेऊन पुन्हा कुंचला धरू लागला. मग बिलं यायला लागली. चेहरा गोल, कातडी पातळ, साखर वर, हाडं ठिसूळ, जखमा भरेनात, आणि औषध थांबवलं की आजार दुप्पट जोरानं परत. स्टेरॉइडचा आराम उधारीवरचा असतो. थोड्या दिवसांसाठी, कमी मात्रेत, दुसरं औषध लागू पडेपर्यंतचा पूल म्हणून तो घेणं शहाणपणाचं आहे आणि आजही तसा वापर होतो. पण गावोगाव ‘जडीबुटीची’ म्हणून विकल्या जाणाऱ्या ज्या पुड्यांनी दोन दिवसांत म्हातारी उठून बसते, त्यांत पुष्कळदा हेच मिसळलेलं असतं. आपण काय खातो आहोत हे त्या म्हातारीला ठाऊक नसतं, आणि पुडी एकदम बंद केली की ग्लानी येऊन जिवावर बेतू शकतं, हेही नसतं. माझ्या मते आपल्याकडच्या संधिवाताच्या उपचारांतला हा सगळ्यांत मोठा घोटाळा आहे, आणि त्यावर सगळ्यांत कमी बोललं जातं.

दाहाच्या मुळाला हात घालणारं स्वस्त औषध मात्र तोवर तयार होऊन पडलेलं होतं. आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव न्यूयॉर्कजवळच्या लेडर्ले प्रयोगशाळेत फोलिक आम्लावर काम करत होते. त्यांच्या चमूनं फोलिक आम्लाच्या विरोधात वागणारी जी संयुगं बनवली, त्यांतलं अमिनोप्टेरिन मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर वापरलं गेलं आणि त्याचाच भाऊ म्हणजे मेथोट्रेक्सेट. १९५१ मध्ये गबनर या डॉक्टरनं अमिनोप्टेरिन आमवातावर वापरून गुण येतो असं लिहिलंही होतं. पण कॉर्टिसोनच्या झगमगाटात ते कुणी वाचलं नाही. १९८५ मध्ये बोस्टनच्या मायकेल वाइनब्लाट यांची रीतसर चाचणी प्रसिद्ध झाली, १९८८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि तेव्हापासून आमवाताच्या उपचाराचा कणा हाच आहे. कर्करोगाच्या मानानं मात्रा अगदी लहान: आठवड्यातून एकदा, साधारण साडेसात ते पंचवीस मिलिग्रॅम, सोबत फोलिक आम्ल. आठवड्यातून एकदा, रोज नव्हे. रोज घेतल्यानं माणसं दगावलेली आहेत, म्हणून चिठ्ठीवर वाराचं नाव ठळक लिहायची पद्धत आहे. गरोदरपणाचा विचार असेल तर काही महिने आधी ते थांबवावं लागतं, यकृताच्या आणि रक्ताच्या तपासण्या अधूनमधून कराव्या लागतात. गुण दिसायला दोन-तीन महिने जातात. हे सगळं समजावून न सांगता नुसती गोळी हातात ठेवली, आणि रुग्णानं इंटरनेटवर ‘कॅन्सरचं औषध’ एवढंच वाचलं, तर ती गोळी कचऱ्यात जाते आणि घरात पुडी येते.

मेथोट्रेक्सेटनंही ज्यांना पुरेसा गुण येत नाही त्यांच्यासाठी १९९० चं दशक क्रांतीचं ठरलं. लंडनच्या केनेडी इन्स्टिट्यूटमध्ये मार्क फेल्डमन आणि मूळचे लुधियानाचे रविंदर मैनी रुग्णांच्या सांध्यांतलं अस्तर प्रयोगशाळेत वाढवत होते. दाहात इतके रासायनिक निरोप एकाच वेळी सुटतात की एकाला अडवून काय साधणार, असं बहुतेकांचं म्हणणं. या दोघांना दिसलं की टीएनएफ अडवलं की पुढची इंटरल्यूकिन-१ सारखी प्रथिनंही घटतात. म्हणजे साखळीत काही दुवे वरचे आहेत. १९९२ मध्ये चेरिंग क्रॉस रुग्णालयात पहिल्या रुग्णांना टीएनएफविरोधी प्रतिपिंड दिलं गेलं आणि वर्षानुवर्षं सुजलेले सांधे काही आठवड्यांत उतरले. एटॅनर्सेप्ट, इन्फ्लिक्सिमॅब, अॅडॅलिम्युमॅब ही नावं त्यातून आली. ओसाकाच्या तादामित्सु किशिमोतो यांच्या कामातून इंटरल्यूकिन-६ ला अडवणारं टोसिलिझुमॅब आलं. पेशीच्या आत जाऊन निरोप पोचूच न देणारी टोफासिटिनिबसारखी गोळी अमेरिकेत २०१२ मध्ये मान्य झाली. पुढे हृदयविकाराचा धोका असलेल्या पन्नाशीपुढच्या रुग्णांत तिच्यामुळे झटके आणि काही कर्करोग टीएनएफविरोधी औषधांपेक्षा जास्त दिसले, म्हणून तिच्यावर कडक इशारा छापला जातो.

या औषधांना भारतात एक वेगळी अडचण आली: क्षय. टीएनएफ हे प्रथिन क्षयाच्या जंतूंना फुप्फुसातल्या गाठीत कोंडून ठेवतं. ते अडवलं की कोंडलेले जंतू सुटतात. इन्फ्लिक्सिमॅबनंतर क्षय उद्भवलेल्या ७० रुग्णांची नोंद २००१ मध्येच प्रसिद्ध झाली. कितीतरी प्रौढांच्या शरीरात झोपलेला क्षय असलेल्या देशात हे इंजेक्शन देण्याआधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची चाचणी टाळणं म्हणजे आगीशी खेळ. दुसरी अडचण पैशांची. अहमदाबादच्या झायडसनं डिसेंबर २०१४ मध्ये अॅडॅलिम्युमॅबचं बायोसिमिलर आणलं, पाठोपाठ इतर कंपन्याही उतरल्या आणि किमती बऱ्याच उतरल्या. तरी शेतमजुराच्या घराला ते परवडणारं नाही.

म्हणूनच २०१३ मधली एक चाचणी मला फार महत्त्वाची वाटते. मेथोट्रेक्सेट पुरं न पडलेल्या ३५३ रुग्णांत एका गटाला एटॅनर्सेप्ट जोडलं, दुसऱ्याला सल्फासॅलाझिन आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विन. ही दोन्ही जुनी, स्वस्त औषधं. ज्यांना गुण आला नाही त्यांना सहा महिन्यांनी दुसऱ्या गटाचा उपचार दिला. वर्षभरानं दोन्ही गट जवळपास सारखेच निघाले. त्याआधी, २००४ मध्ये, ग्लासगोतल्या चाचणीनं आणखी साधी गोष्ट दाखवली होती. दर महिन्याला रुग्णाला बोलवा, सुजलेले सांधे मोजा, दाह उरला असेल तर औषध वाढवा. एवढं केल्यावर ६५ टक्के रुग्णांचा आजार शांत झाला. नेहमीच्या पद्धतीनं पाहिलेल्यांत १६ टक्के. औषधं दोन्हीकडे जुनीच होती. फरक होता तो पाठपुराव्याचा. हा उपचार जिल्हा रुग्णालयातही देता येण्यासारखा आहे; संधिवाततज्ज्ञ मोठ्या शहरांत एकवटलेले असले तरी महिन्याला सांधे मोजायला आणि रक्त तपासायला तालुक्याचा फिजिशियन पुरतो.

दाह एकच नसतो, हे औषधांच्या अपयशातून जास्त शिकायला मिळालं. इंटरल्यूकिन-१७ अडवणारी इंजेक्शनं सोरायसिसच्या सांधेदुखीत आणि तरुण पोरांचा कणा आखडवणाऱ्या अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसमध्ये छान चालतात. आमवातात त्यांचा प्रभाव फिका. इंटरल्यूकिन-६ ची औषधं नेमकी उलटी: आमवातात उत्तम, कण्याच्या आजारात फोल. टीएनएफविरोधी औषध दोन्हींत चालतं. इंटरल्यूकिन-१ अडवणं आमवातात मध्यम, पण गाउटमध्ये नेमकं. बाहेरून सगळेच सांधे लाल, सुजलेले, गरम दिसतात. आतला कारभार वेगवेगळा असतो.

गाउटचं तर सगळं गणितच स्वच्छ आहे. रक्तातलं युरिक आम्ल वाढतं, सांध्यात सुईसारखे स्फटिक बसतात, भक्षक पेशी ते गिळतात आणि त्यांच्या आतली एनएलआरपी-३ नावाची यंत्रणा इंटरल्यूकिन-१ सोडते. ही कडी २००६ मध्ये स्वित्झर्लंडच्या युर्ग चॉप यांच्या गटानं उलगडली. पायाचा अंगठा रात्रीत टोमॅटोसारखा लाल होतो, चादरीचा स्पर्श सोसवत नाही. झटक्यावर कोल्चिसिन चालतं. पावसाळ्यात सह्याद्रीत लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी कळलावी याच विषारी द्रव्यानं भरलेली असते. म्हणून तिच्या कंदाशी खेळू नये. पण झटका उतरवणं आणि गाउट बरा करणं या दोन गोष्टी आहेत. अॅलोप्युरिनॉलसारखं औषध युरिक आम्लच खाली आणतं आणि वर्षानुवर्षं घेतलं तर स्फटिक विरघळतात. ते सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत उलट झटके येऊ शकतात आणि तिथंच बरेच लोक ‘हे सोसत नाही’ म्हणून सोडून देतात. डॉक्टरनं आधी बजावलं असतं तर सोडलं नसतं.

झिजेच्या सांधेदुखीत, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये, गोष्ट बरीच अवघड होते. एमआरआयमध्ये अशा गुडघ्यांतही अस्तर सुजलेलं दिसतं. म्हणजे तिथंही मंद दाह आहे. मग आमवाताची औषधं इथं का चालू नयेत? तसं करून पाहिलं गेलं. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हाताच्या सांध्यांत निष्फळ ठरलं, टीएनएफ अडवून फारसं हाती लागलं नाही. मेथोट्रेक्सेटनं काही चाचण्यांत थोडा आराम दिला. इथला दाह हा बहुधा झिजेचा सोबती आहे, सूत्रधार नव्हे. गुडघ्यात दर तीन महिन्यांनी स्टेरॉइडचं इंजेक्शन दोन वर्षं देऊन पाहिलेल्या २०१७ च्या अमेरिकन चाचणीत वेदना मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनाइतकीच राहिली आणि कूर्चा मात्र जास्त झिजली. इतकं असूनही ‘एक सुई मारून घ्या’ हा सल्ला आपल्याकडे सहज दिला जातो. याउलट वजन एक किलो उतरलं की प्रत्येक पावलामागं गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. २०२४ मध्ये सेमाग्लुटाइडच्या चाचणीत ६८ आठवड्यांत वजन १३.७ टक्के उतरलं आणि गुडघेदुखीही डोळ्यांत भरण्याइतकी घटली. चरबी स्वतःही दाह वाढवणारी प्रथिनं सोडते, तेव्हा हा फायदा नुसता वजनाचा की दाहाचाही, हे वेगळं काढणं सोपं नाही. मांडीच्या स्नायूंचा व्यायाम आणि वजन उतरवणं, याला आजही सरळ पर्याय नाही.

आपल्याकडच्या दोन गोष्टी पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत तळटीपेत असतात. इथं त्या उंबऱ्यात असतात. एक चिकुनगुन्या. १९७३ मध्ये बार्शीत त्याची मोठी साथ येऊन गेली आणि २००५-०६ मध्ये तो पुन्हा महाराष्ट्रभर फिरला. ताप चार दिवसांत जातो, पण काहींचे सांधे महिनोन् महिने, हुबेहूब आमवातासारखे, सुजलेले राहतात. विषाणू गेल्यावरही दाह मागे राहतो. बहुतेकांना वेळ आणि साधी औषधं पुरतात. क्लोरोक्विननं विशेष फायदा होतो का, हे पुण्याच्या चोप्रा यांच्या गटानं तपासलं. २०१४ च्या अहवालात तसा काही दिसला नाही. याच गटानं दुसरी गोष्टही तपासली: आयुर्वेद. गुडघ्याच्या झिजेवर गुग्गुळ, शल्लकी, गुळवेल, आवळा, सुंठ अशा द्रव्यांच्या योगांची चाचणी ४४० रुग्णांवर झाली आणि २०१३ मध्ये ती ऑक्सफर्डहून निघणाऱ्या नियतकालिकात आली. सेलेकॉक्सिब आणि ग्लुकोसामाइन यांच्या बरोबरीचा गुण आला. काही रुग्णांत यकृताची एन्झाइम्स वाढलेली दिसली. चाचणीत नुसत्या साखरेच्या गोळीचा गट नव्हता, ही त्रुटी आहे. तरीही वनस्पती म्हणून डोळे झाकून कौतुक किंवा टिंगल करण्यापेक्षा अशी चाचणी करणं शंभरपट मोलाचं. हळदीचं दूध मात्र अजून तसं सिद्ध झालेलं नाही. कर्क्युमिन आतड्यातून फारच थोडं शोषलं जातं, आणि ते जास्त शोषलं जावं म्हणून मिरीचं सत्त्व घातलेल्या कॅप्सूलनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

कोविडनं ही सगळी औषधं अचानक घराघरांत पोचवली. २०२० च्या एप्रिलमध्ये हायड्रॉक्सीक्लोरोक्विनवर उड्या पडल्या आणि आमवाताचे जुने रुग्ण दुकानोदुकानी रिकाम्या हातानं हिंडले. ते औषध कोविडवर चाललंच नाही. चाललं डेक्सामेथासोन, आणि पुढे टोसिलिझुमॅब, कारण गंभीर कोविडमध्ये जीव जायचा तो बेफाम दाहानं.

आता प्रयत्न आजार सुरू होण्याआधी गाठण्याचे आहेत. प्रतिपिंडं सापडलेल्या, सांधे दुखणाऱ्या पण अजून न सुजलेल्या माणसांना वर्षभर अॅबॅटासेप्ट हे इंजेक्शन दिल्याची ब्रिटन-नेदरलँड्सची चाचणी २०२४ मध्ये आली. वर्षअखेर आमवात झाला तो औषधाच्या गटात ६ टक्क्यांना, दुसऱ्या गटात २९ टक्क्यांना. औषध थांबल्यावर आणखी वर्षभरानं हे आकडे २५ आणि ३७ वर आले. म्हणजे आजार बराचसा पुढे ढकलला गेला, काहींचा कदाचित टळला. ज्या बाईला आज काहीच झालेलं नाही तिला महागडं इंजेक्शन द्यावं का, यावर तज्ज्ञांत एकमत नाही, आणि आपल्याकडे तरी तूर्त नाहीच द्यावं, असं मला वाटतं. इथं अजून सुजलेली बोटं घेऊन दोन-दोन वर्षं फिरणारे रुग्ण आहेत. आधी ते वेळेत पोचू देत.

आणि जे बरे झाले आहेत त्यांचा प्रश्न ठरलेला: आता काही त्रास नाही, गोळ्या बंद करू का? नॉर्वेत वर्षभराहून अधिक काळ शांत असलेल्या रुग्णांवर हे तपासलं गेलं आणि २०२१ मध्ये निकाल आला. गोळ्यांची मात्रा अर्धी केलेल्यांपैकी २५ टक्क्यांचा आजार वर्षभरात उसळला, पूर्ण मात्रा चालू ठेवलेल्यांत ६ टक्क्यांचा. म्हणजे चारांतल्या तिघांना अर्धी मात्रा पुरली. ते तिघं कोण, हे आधी सांगणारी चाचणी अजून नाही. म्हणून कमी करायचंच झालं तर ते हळूहळू, सांधे मोजत, आणि ठरावीक क्रमानं: स्टेरॉइड सगळ्यांत आधी, महागडं इंजेक्शन त्यानंतर, मेथोट्रेक्सेट सगळ्यांत शेवटी.